फनसाचा चीक आन् देवाची उजवी

माजा धाकटा भाऊ एका हिवाळ्यात बर्फाच्या मुलकात गेला, पतंगाला धरून घसराया. देवानं हो म्हटलं म्हनून गेला, असं आमच्या गुंद गावात अजून सांगत्यात. देवानं हो म्हटलं ते माज्या गाढवपनामुळं, ह्ये दोघांनाच म्हाईत हुतं. एक मी, दुसरा आमचा गुरव. गुरव आता न्हाई. ऱ्हायलो मी.

आईबाप आमचं लवकर गेलं. घरात मी, माजी बायकू आन् त्यो. माज्यापरास आठ वर्सांनी बारका. चौथीपातुर शिकलेला. मी शाळेत एकदाच गेल्तो, ते बी छप्पर शाकाराया. नांगर त्यो धरायचा, मिऱ्याच्या येलाला त्यो चढायचा, मी खाली उबा राहून गोस्टी सांगायचो. "अण्णा, तू बोलत ऱ्हा, काम हुतंय," असं म्हनायचा. गावात मला हसनारी पुस्कळ हुती. माज्या गोस्टीला हसनारा त्यो एकटा.

कॅसलरॉकवरनं तवा अजून बारक्या रुळांची रेल्वे जायाची. त्या गाडीतनं एक गोरा उतरला. गोव्याला जायाचा हुता म्हनं, पन खिडकीतनं आमचं डोंगर बघितलं आन् पिशवी घिऊन खाली आला. जोयड्यावरनं बसनं गुंदाला आला आन् शाळेच्या वट्यावर पंधरा दीस ऱ्हायला. त्येच्या पिशवीत एक पतंग हुता. काड्या न्हाईत, शेपूट न्हाई. गोधडीवानी शिवल्याला कापडाचा, वाऱ्यानं फुगायचा, आन् फुगला की दोन बैलांचं बळ यायचं त्येला. त्येच्या देशात समदीकडं डोंगर, हिवाळ्यात समदीकडं बर्फ. पायाला फळ्या बांधून ही मानसं ह्यो पतंग धरत्यात आन् वारा त्यांना बर्फावरनं वडत न्हेतो. मास्तरानं आमाला समजावून सांगितलं. देशाचं नाव तीनदा सांगितलं, मला एकदाबी धरवलं न्हाई.

आमच्या हितं बर्फ कुठला. पन डोंगरावर वाळलेल्या गवताचा माळ हाय. पोफळीच्या झावळीचं खालचं रुंद साल असतं ना, पोय, त्येच्यावर बसून आमी ल्हानपनी त्या माळावरनं घसरायचो. भावानं गोऱ्याला पोय दावली. गोरा बघतच ऱ्हायला. दुसऱ्या दिशी भाऊ पोयीवर बसला, हातात पतंगाच्या दोऱ्या, आन् वारा आला तसा माळावरनं असा गेला की गवत नुसतं वाकलं. पडला न्हाई. वळला सुदिक.

मग मी म्हटलं, थोरला मी हाय. मीबी बसलो. वाऱ्यानं मला वडलं, पोय मागं ऱ्हायली आन् मी फुडं गेलो. चड्डीचं बूड माळावर, मी शेनाच्या खड्ड्यात. गोऱ्यानं मला बाहीर काडलं आन् काईतरी बोलला. मास्तराला इचारलं काय म्हनला. मास्तर म्हनला, "त्यो म्हनतोय, हा मानूस चांगला हाय, पन ह्येला दोरी दिऊ नका."

गोरा गेला. पावसाळ्याच्या तोंडाला त्येची चिट्टी आली. मास्तरानं शाळेच्या वट्यावर वाचली. भावाला त्येनं बोलावलं हुतं. यंदाच्या हिवाळ्यात यायचं, दोन म्हयनं ऱ्हायचं, बर्फावर शिकायचं, तिकीट त्यो धाडनार. भाऊ भुईकडं बघत हुता. मी म्हटलं, "मला काय लिवलंय का?" मास्तर म्हनला, "लिवलंय. अण्णाला नमस्कार."

तवापास्नं आमच्या घरात बर्फाशिवाय बोलनं न्हाई. चिट्टीत लिवलं हुतं, वजन कळवा, वजनावर पतंगाचं माप ठरतं. गावात मानसाचं वजन कोन करतो. आमी दोघं जोयड्याच्या भाताच्या गिरनीत गेलो. गिरनीवाल्यानं भावाला काट्यावर उबा केला आन् आकडा कागदावर लिवून दिला. मी म्हटलं, माजंबी बघ. त्येनं बघितलं आन् म्हनला, "ह्येच्यात भुसाच जादा हाय, पाखडून आन."

चिट्टीत काळा चश्मा बी लिवला हुता. बर्फ डोळ्याला भाजतो म्हनं. थंड वस्तू भाजती कशी, ह्ये माज्या टकुऱ्यात शिरंना. तरी जत्रेतनं एक आनला. भावाच्या आदी मी घालून बघायचं ठरवलं. पाटेचं उटून चश्मा लावून गोठ्यात गेलो, चरवी घिऊन बसलो आन् बैलानं लाथ मारली तवा कळलं. बायकू दारात उबी हुती. "तुमाला चश्म्याशिवाय तरी कवा दिसलंय," म्हनली आन् चरवी घिऊन म्हशीकडं गेली.

आन् बर्फ. कारवारकडनं एक मासेवाली बाय आठवड्यातनं एकदा बसनं यायची. तिच्या खोक्यात माशांखाली बर्फ असायचा. मी तिला म्हटलं, "अक्का, मासं नगो, खालचं दे." ती म्हनली, "व्हय, आन् फुडल्या खेपंला खोकं दिऊ का?" पन दिला तिनं. आंगनात पाटीभर बर्फ पसरला आन् आमी दोघं अनवानी उबं ऱ्हायलो. मी धा मोजाया लागलो, चारावर उडी मारली. भाऊ उबाच. बर्फाचं पानी हुईस्तवर उबा ऱ्हायला. पाय लाल झालं हुतं. मला म्हनला, "अण्णा, ह्येच्यावर घसरता येईल रं." समद्या आंगनाला माशांचा वास येत हुता. थंड देशाला असाच वास असनार, असं मी धरून चाललो.

मी असा हसवत हुतो खरा. पन त्या बर्फावर त्यो तसा गप उबा ऱ्हायला ना, तवाच मला कळून चुकलं. त्यो जानार हुता. आमच्यातली दोघं-तिघं गोव्याला खानीत गेली, एकजन म्हागारी आला न्हाई. आन् ह्यो तर समिंदराच्या पलीकडं. बर्फात पतंग दोरी सोडंना झाला तर? कड्यावरनं गेला तर कोन सांगनार? रातभर असं वाटायचं आन् सकाळी मी पुन्ना गमजा करायचो. दुसरंबी खरं सांगतो. त्यो गेला तर नांगर मला धरावा लागनार हुता. भावाच्या मायेत आळस किती, ह्येचं वजन करनारा काटा कुनाकडं न्हाई.

त्येला थांब म्हनायचं माजं तोंड न्हाई झालं. त्योच एक दीस जेवताना म्हनला, "अण्णा, देवाला इचारूया. हो म्हनला तर जातो. न्हाई म्हनला तर मास्तराकडनं तशी चिट्टी धाडतो, पुन्ना नाव काडत न्हाई."

आमच्यात मोटं काम देवाला इचारल्याबिगर हुत न्हाई. गावदेवाचा उबा काळा दगड हाय. त्येच्या उजव्या आन् डाव्या अंगाला रानफुलाच्या वल्ल्या कळ्या चिकटवायच्या. गुरव गाऱ्हानं घालतो. मग समदी बसून बघत ऱ्हायाचं. उजवी कळी आदी पडली तर हो, डावी पडली तर न्हाई. ज्येचा प्रस्न असंल त्या घरच्या थोरल्यानं सकाळी जाऊन दगड धुवायचा, जागा झाडायची. थोरला मी.

आता चिकाचं सांगतो. फनसाचा चीक आमी काडीला गुंडाळून चुलीवर टांगून ठिवतो. मडक्याला भोक पडलं की काडी इस्तवावर धरायची, चीक मऊ हुतो, भोकाला लावायचा. थेंब गळत न्हाई. त्या सकाळी मी ती काडी धोतरात लपवली, संगट एका करवंटीत इस्तव घेतला, धूप घालाया म्हनून. देवळात कुनी न्हवतं. दगड धुतला, पुसला, चीक मऊ केला आन् उजव्या अंगाला हरभऱ्याएवडा लावला. काळ्या दगडावर काळा चीक, कुनाला दिसतोय. उजवी चिकटून ऱ्हानार, डावी सुकून पडनार, देव न्हाई म्हननार, भाऊ घरात ऱ्हानार. माज्या जल्मात मी येवडा इचार कवा केला न्हवता. वर दगडाला हातबी जोडलं.

ऊन वर आल्यावर गाव जमला. गुरव म्हातारा. त्येला आमी अज्जा म्हनायचो. डोळ्यांनी अंधूक दिसायचं, चाचपून चाचपून त्येनं कळ्या लावल्या. गाऱ्हानं घातलं, "लेकरू लांब जाया म्हनतंय, थंडीच्या मुलकात. जाऊ दे म्हनत असशील तर उजवी दे, ऱ्हा म्हनत असशील तर डावी दे." भाऊ माज्या शेजारी बसला हुता. त्येचा गुडगा माज्या गुडग्याला लागला हुता आन् हालत हुता.

लई येळ लागला न्हाई. एक कळी पडली. माज्या डाव्या हाताच्या अंगाची. मी मोट्यानं म्हटलं, "डावी पडली. देव न्हाई म्हनला."

समदी माज्याकडं बघाया लागली. गुरव म्हनला, "लेका, तुजी डावी पडली. देव तुज्याकडं तोंड करून उबा हाय. त्येची उजवी गेली ती. हो म्हनतोय."

वीस वर्सं मी त्या देवाफुडं बसत आलो हुतो. हजार कळ्या पडताना बघितल्या. आन् चीक लावताना मला माजीच उजवी दिसली. मानसं हसली. भाऊ हसला न्हाई. त्येनं डोकं भुईला टेकवलं, आन् उटला तवा त्येच्या डोळ्यात पानी हुतं. मला म्हनला, "अण्णा, देवानं जाऊ दे म्हटलं." मी म्हटलं, "व्हय." दुसरं काय म्हननार.

दुसरी कळी काय पडंना. दुसऱ्या दिशी न्हाई, तिसऱ्या दिशी न्हाई. सुकून तांबडी झाली तरी देवाच्या डाव्या अंगाला हायच. गावात बोलबाला झाला. देव म्हनतोय, न्हाईचं नावच काडू नगा. बायका त्या कळीला हळद-कुक्कू लावाया लागल्या. माजी बायकूबी लावून आली. मला म्हनली, "तुमीबी जाऊन पाया पडा. भावावर देवाची केवडी मर्जी हाय बघा."

चौथ्या दिशी गुरवानं मला बोलावून घेतलं. देवळाच्या पायरीवर बसला हुता. बाजूला खोबरेल तेलाची वाटी. मला म्हनला, "बस. घरात मडकं गळतंय का?"

मी पायरीवर बसलो आन् वाटीत बघितलं.

"डोळं गेल्यात माजं. नाक हाय. धूपात फनस जळल्याला वास मला त्याच दिशी आला. आपली मानसं वाईट चाल करत्यात, त्ये मी बघितलंय. पन देवाच्या तोंडाला टाका घालनारा तू पयलाच. आन् त्योबी उलटा."

"अज्जा, मला त्येनं ऱ्हायला पायजे हुतं."

"मग त्येला सांगायचं. दगडाला कशाला सांगितलंस." वाटी माज्याकडं सरकवली. "चीक तेलानंच निघतो. पूस."

मी पुसला. लई येळ लागला. कळी निघाली, चीक निघाला, दगडावर तेलाचा डाग ऱ्हायला. मग गुरव म्हनला, "आता खरं इचारूया." त्येनं पुन्ना कळ्या लावल्या, पुन्ना तेच गाऱ्हानं. आमी दोघंच. उन्हं पायरीवरनं आत आली आन् म्हागारी गेली. एकबी कळी पडली न्हाई. डावी न्हाई, उजवी न्हाई. तेलाच्या जागेवरची तर आदी निसटाया पायजे, ती सुदिक ऱ्हायली.

"अज्जा, काय म्हनतोय?"

"काय न्हाई म्हनत. एकदा तोंड बांधलं, आता इचारलं तर कशाला बोलंल." गुडगं धरून उटला. "भावाला सांगायचं का न्हाई, तुजं तू बघ. मी आंधळा. मी काय बघितलंय?"

घरला येताना मला कळलं मी कुटं अडाकलोय. भावाला खरं सांगितलं तर त्यो जानार न्हाई. देवाच्या शब्दाबिगर त्येनं कवा कुऱ्हाड सुदिक उचलली न्हाई. म्हंजी खरं बोललो तरी माजंच काम हुनार. खोटं बोलून जे मिळालं न्हाई, ते आता खरं बोलून मिळनार हुतं. मग त्ये खरं कसलं? आन् न सांगावं तर त्यो देवाचं नाव घिऊन जानार, आन् देव तर बोललाच न्हाई. तितं कायबी झालं तर ते देवाच्या न्हाई, माज्या मानेवर.

असं करता करता पासपोर्ट आला, तिकीट आलं. बायकूनं धनगराकडनं जाड घोंगडं आनलं. मी रोज ठरवायचो, आज सांगतो. रोज त्येच्याफुडं गेलो की तोंडातनं गंमत निघायची. जल्मभर सवय एकच, काय करनार.

जायच्या दिशी मी त्येला कॅसलरॉकपातुर घालवाया गेलो. जोयड्यापातुर बस, मग जीप. लोंड्याला गाडी बदलून त्यो मुंबईला जानार हुता. गाडी घाट चढून आली. त्या ठेसनात गाडी लई येळ थांबती, इंजनं काडत्यात, जोडत्यात. मी म्हटलं, ह्योच येळ. हितनं फुडं सांगता यायचं न्हाई. त्यो डब्याच्या दारात उबा, घोंगड्याची वळकटी काखेत, काळा चश्मा खिशात. मी खाली.

"एक सांगायचं हाय तुला," मी म्हटलं.

"मलाबी, अण्णा." त्यो खाली वाकला, दुसऱ्या कुनाला ऐकू जाऊ ने म्हनून. "मला भ्या वाटतंय. बर्फावर उबा ऱ्हायलो ना, तवा बी वाटलं हुतं. तुला बोललो न्हाई, तू हसत हुतास. देवानं जा म्हटलं, त्येवड्यावर चाललोय बघ. न्हाईतर माज्याच्यानं झालं नसतं."

मी त्येच्याकडं बघितलं. एका शब्दाचं काम हुतं. वळकटी खाली आली असती, आमी दोघं जीपमदी बसलो असतो, सांजच्याला घरात असतो. त्येच्या तोंडावर भ्या हुतं, पन पाय डब्यात घट हुता. माळावर पोयीवर बसला हुता तवा असाच पाय रवून बसला हुता. आन् मला तवा एवडंच कळलं की ह्यो पाय म्हागारी घ्याया लावनारा मी कोन. मी एकदा देवाचं तोंड बांधलं. आता माजं बांधायची पाळी हुती.

"तुजं काय हुतं?" त्येनं इचारलं.

"काय न्हाई. तितल्या बर्फाला माशांचा वास येतो का, तेवडं कळव."

त्यो हसला. गाडी हालली. मी फलाटावर उबा ऱ्हायलो, गाडी गेल्यावर सुदिक. एका हमालानं इचारलं, "पावनं, गाडी चुकली काय?" मी म्हटलं, "न्हाई, बरोबर गेली."

त्यो हिवाळा मी कसा काडला ते मला म्हाईत. रोज सकाळी देवळात जायाचो, दगड धुवायचो, डाव्या अंगाला तेल चोळायचो. चीक निघून गेला हुता, तरी चोळायचो. नांगर मीच धरला. एक रेघ सरळ पडली न्हाई. शेजारी बांधावरनं म्हनायचा, "ह्यो नांगरतोय का सापाचा माग काडतोय?" संकरातीच्या आसपास भावाची चिट्टी आली. मास्तरानं फोडली तवा माजं पाय गार पडलं, चारापातुर सुदिक मोजता आलं नसतं. मास्तरानं वाचली. पयल्या दिशी अकरा येळा पडला. दुसऱ्या दिशी सात येळा. आता पडत न्हाई. पतंग वडतो तवा कानात वाऱ्याशिवाय काय ऐकू येत न्हाई, आन् डोंगर असं बाजूनं जात्यात जसं गाडीच्या खिडकीतनं. वैनीनं दिल्यालं घोंगडं गोऱ्यानं मागितलं, दिलं न्हाई. खाली लिवलं हुतं, अण्णाला सांगा, बर्फाला कसलाच वास न्हाई.

मी मास्तराला म्हटलं, शेवटचं पुन्ना वाच. त्येनं पुन्ना वाचलं.

शिमग्याच्या आदी त्यो आला. तोंड वळकू येत न्हवतं. गालांची सालं निघाली हुती, नाक काळं, नुसतं डोळ्याभवती चश्म्याचं गोरं गोल. बर्फ भाजतो, ते खरं निगालं. घरात पाय ठिवला न्हाई, म्हनला, "आदी देवाला नारळ." मी संगट गेलो. गुरव पायरीवर बसला हुता. भावानं नारळ फोडला, दगडाफुडं बसला आन् म्हनला, "तू जा म्हनलास म्हनून गेलो. सुखरूप आनलंस." मी त्येच्या मागं उबा. गुरव खोकला.

मग त्येचं लक्ष दगडाकडं गेलं. देवाच्या डाव्या अंगाला तळहाताएवडी जागा चोळून चोळून आरशावानी झाली हुती.

"अण्णा, हितं तेल कोन लावतंय?"

"मी."

"हितंच का?"

मी गुरवाकडं बघितलं. त्यो आंधळ्यावानी भाईर बघत बसला.

"असंच," मी म्हटलं. "तू न्हवतास, हाताला काम न्हवतं."

भाऊ त्येवड्यावर हसला. मग त्या जागेवर बोटं फिरवली, बोटाला तेल लागलं, आन् त्येनं ते आपल्या सोललेल्या गालाला लावलं, एका अंगाला, मग दुसऱ्या. "वाइच गार वाटलं," म्हनला. पुन्ना बोटं फिरवली, पुन्ना लावलं. मी दगडापाशी ठिवल्याली तेलाची वाटी उचलली आन् दगडावर आनकी वाइच तेल वतलं.